पाहुण्यांचा गूळ

पिंजरा उघडण्याआधी काका दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा घासायचे. मलाही सांगायचे, "हात गरम करा, मॅडम. पाव्हणा हाय." पाव्हणा म्हणजे पांढरा उंदीर.

पडघ्याच्या वाटेवर आमचं फार्मसी कॉलेज. काका तिथल्या प्राणिगृहाचे अटेंडंट. त्याआधी भिवंडीत वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेली, म्हणून बोलणं मोठ्यानं. पण पिंजऱ्यापाशी आवाज एकदम खाली. मी एम. फार्म.ला होते. वडील काल्हेरच्या गोदामात माल चढवतात. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, हे मी ताठ मानेनं सांगते.

माझा प्रयोग असा. दोन खोल्यांची एक पेटी, मध्ये दार. उंदराला एक दिवस मॉर्फिन टोचून पट्ट्यापट्ट्यांच्या खोलीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी मिठाचं पाणी टोचून पांढऱ्या खोलीत. असं काही दिवस केल्यावर मधलं दार उघडलं की तो पट्ट्यांकडे पळतो. चटक लागलेली असते. काहींना मी मॉर्फिनआधी आणखी एक औषध द्यायचे. मेंदूतल्या ज्या जागेतून चटक वाढते, ती जागा ते अडवतं.

"म्हंजे कुलपात आधीच काडी. चावी लागायची न्हाय," काका म्हणाले. पुढे व्हायव्हात मी हेच वाक्य शुद्ध करून सांगितलं.

दार उघडलं आणि सगळेच उंदीर पट्ट्यांकडे पळाले. औषध दिलेले पळाले, आणि ज्यांना दोन्ही खोल्यांत नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं तेसुद्धा! प्रबंध द्यायला चार महिने उरलेले. मी तिथंच स्टुलावर बसून रडायला लागले.

काका दारात घुटमळले. "बोलू का, मॅडम? ओरडाल तर न्हाय?"

"बोला."

"पट्ट्यांच्या खोलीत मी गूळ देतो त्यांना. कणभर."

"काका! का पण?"

"कडक सुई ना ती. सुई टोचल्यावर पोराला आपन गोड देतो का न्हाय?"

"मग मिठाच्या पाण्यावाल्यांना कशाला?"

"एकानं खायचं न दुसऱ्यानं बघायचं? बरं दिसतं का?"

ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. इतके दिवस मी गुळाची चटक मोजत होते!

गाईड सरांची बोलणी खाल्ली, परवानगी काढली, नवे उंदीर घेतले. पहिल्या दिवशी काका सदऱ्याच्या गुळाच्या खिशाचं तोंडच शिवून आले. "माझा मलाच भरवसा न्हाय," म्हणाले.

या वेळी मॉर्फिनवाले तेवढे पट्ट्यांकडे पळाले. औषध मिळालेले दोन्ही खोल्यांत निवांत हिंडत होते, बाजारात काही घ्यायचं नसलेल्या माणसासारखे. मॉर्फिन बंद केल्यावर नुसते मॉर्फिनवाले नशा तुटल्यानं भिजल्या कुत्र्यागत अंग झाडत होते, तेव्हाही हे बरेच शांत.

"सुटले, मॅडम!" काकांनी टाळीच वाजवली. मग हळूच विचारलं, "मानसाला कवा?"

"लांब आहे अजून, काका."

त्यांचा धाकटा भाऊ खोकल्याच्या सायरपच्या नशेत गेला होता, हे मला तेव्हा कळलं. "आसू द्या," ते म्हणाले. "चालू तर झालं."

व्हायव्हात पास झाले तशी पेढे घेऊन प्राणिगृहात गेले. काकांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता; नंतर ते अंबाडीकडे गावी गेले, पुन्हा भेट नाही. मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो मोडला, एकवार पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग दोन्ही तुकडे तोंडात टाकले आणि लहान पोरासारखा आ करून मला दाखवला.

"बघून घ्या, मॅडम. काय पन ठेवलं न्हाय."