जोड लावणारा क्लेमेंट

क्लेमेंट तुस्कानोच्या दुकानात माणसाचं वय महिन्यांत मोजलं जायचं. जन्मतारीख त्याने कुणाला विचारली नाही. वीस तास खेळून झाले की एक महिना पुरा, असा त्याचा हिशेब. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज पडीक असणारं एखादं शाळकरी पोर जूनपर्यंत वर्षाचं होऊन जायचं, आणि निवृत्त झालेले फ्रेडरिक सर सहा महिने येत असूनही जेमतेम सव्वा महिन्याचे होते. "सर, अजून दात यायचेत तुम्हाला," असं म्हणून तो त्यांना पाचवीतल्या मुलीसमोर बसवायचा. सर हरायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे.

गोखिवऱ्याच्या सोनचाफा सोसायटीत तळमजल्यावर त्याचा गाळा होता. बारा कॉम्प्युटर, निळा पडदा, आत केबलवाल्याने ओढून दिलेली इंटरनेटची वायर. सन दोन हजार चार चालू होतं. घराघरांत इंटरनेट आलेलं नव्हतं, आणि दुपारी वीज गेली की दुकानच आंधळं व्हायचं. पण रविवारी सकाळी वीज असायची. तेव्हा क्लेमेंटच्या दुकानातले खेळणारे आणि विरारच्या सॅन्टनच्या दुकानातले खेळणारे एकमेकांशी रणगाड्यांचा खेळ खेळायचे. दोघांनी दोन रणगाडे घ्यायचे, पडक्या शहरात एकमेकांना शोधायचं, आधी दहा वेळा उडवेल तो जिंकला. कुणासमोर कोण बसणार, हे क्लेमेंट आणि सॅन्टन फोनवर ठरवायचे.

"माझ्याकडे एक चार महिन्यांची आहे. तुझ्याकडे कोण? साडेचारचा? चालेल. आणि ते जुळे सात महिन्यांचे आलेत काय?"

ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस पाळणाघर चालवतो.

हे कसब त्याने कॉम्प्युटरवर कमावलेलं नव्हतं. पापडीकडच्या त्याच्या गावात चर्चच्या सणाला रस्सीखेच असायची आणि वीस वर्षं तिच्या जोड्या क्लेमेंटने लावल्या होत्या. वाडीत केळीचे घड तोलायचा मोठा काटा होता, त्यावर तो गडी तोलायचा. मग एकेकाचे तळहात उलटे करून बघायचा. "वजन काट्यावर कळतं, सवय हातावर कळते," असं म्हणायचा. पुढे विहिरीचं पाणी खारं झालं, वाडी बसली, तो जिथे कामाला होता ती कंपनी बंद पडली, आणि त्याने हे दुकान टाकलं. जोड लावायची खोड मात्र राहिली. त्याने लावलेली जोड चुकत नाही, हे वसईपासून विरारपर्यंत खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हरणाराही दोनेक गुणांनीच हरायचा, आणि जाताना विचारून जायचा, "अंकल, परत कधी?"

फोनवरची ती चार महिन्यांची म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या लतिका सामंत यांची क्षितिजा. दहावीत होती.

लतिका सोसायटीची सेक्रेटरी होती. बी. ए. झालेली, अक्षर मोत्यासारखं, म्हणून मिटिंगचं इतिवृत्त लिहायचं काम तिच्याकडे आलं आणि मग सगळीच कामं आली. तिला काळजी करायला कारण लागत नसे, आणि त्या वर्षी तर कारण घरातच होतं. सहामाहीत क्षितिजाला भूमितीत पंचाहत्तरपैकी एकतीस मिळाले. रविवारची सकाळ खाली, बुधवारी क्लास सुटल्यावर तासभर खाली, मधेच "आई, वही आणायला जाते" म्हणूनही खाली. लतिका नाही म्हणाली की क्षितिजा भांडायची नाही, फक्त दोन दिवस बोलायची नाही. लतिकाला ते भांडणापेक्षा जड जायचं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती दुकानात गेली. क्लेमेंट एकटाच होता, ब्रशने कीबोर्ड झाडत होता.

"क्लेमेंटभाऊ, क्षितिजाला जरा तगड्या माणसासमोर बसवा ना."

"तगड्या म्हणजे?"

"तिला उभीच राहू देणार नाही असा कुणीतरी. चार वेळा आपटली की आपोआप सुटेल तिचं."

क्लेमेंटने ब्रश खाली ठेवला. "ताई, तिला यायचं बंद करायचं तर तुम्ही सांगा मला. दारातून परत पाठवतो, काय प्रॉब्लेम नाय."

"मग ती माझ्याशी बोलत नाही हो."

"म्हणजे माझ्याशी बोलली नाय तर चालेल?" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "जोड मोडायची नसते ताई. एकदा गावात रस्सीला माझ्याकडून चूक झालेली. माझ्या बायकोच्या, आल्बिनाच्या भावाची टीम होती, मला घरातून आग्रह झाला, मी काट्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. समोर एक पोर होतं—"

"यंदा दहावी आहे तिची," लतिका मधेच म्हणाली. आणि काखेतली फाईल तिने काउंटरवर ठेवली.

फाईलमध्ये सोसायटीचं ना-हरकत पत्र होतं. गाळ्यात दुकान चालवायला ते दरवर्षी लागायचं, आणि दरवर्षी दिवाळीनंतर सेक्रेटरीची सही व्हायची. त्या वर्षी ती झालेली नव्हती. लतिका पत्राबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने फक्त फाईल तिथे ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. फाईल घेऊन जिना उतरताना तिने स्वतःला सांगितलं होतं की नंतर बँकेकडे जायचंय म्हणून घेतली. बँकेत तिचं काही काम नव्हतं.

क्लेमेंटने फाईलकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"बघतो," तो म्हणाला.

सही दुसऱ्या दिवशी झाली.

त्या रविवारी लतिका भाजी घेऊन येत होती. दुकानाचं दार उघडं होतं आणि क्लेमेंट भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता. "हो रे. एक पोरगी आहे. दोन वर्षांची. तुझा ॲन्सेल्म दे."

ॲन्सेल्म कॉलेजात शिकत होता आणि सव्वादोन वर्षांचा होता. त्याने क्षितिजाला दहा–शून्य हरवलं. पुढच्या रविवारी दहा–एक. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा दहा–शून्य, सात मिनिटांत. चौथ्या रविवारी क्षितिजा अर्ध्या खेळातून उठून आली. पाचव्या रविवारी गेलीच नाही.

"सुटलं बघा," लतिका जयवंतला म्हणाली. नवऱ्याला तिने काही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी तिने शिरा केला. क्षितिजाने तो गुपचूप खाल्ला, ताटली धुवून ठेवली आणि पुस्तक उघडून बसली. लतिकाला वाटलं, इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलं.

डिसेंबरात क्लासच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"आधी चुकायची, पण लिहायची तरी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेपर पुढे केला. "आता बघा."

प्रमेयांची पानं कोरी होती. प्रश्नाचा क्रमांक नीट घातलेला, बाजूला आखलेला समास, आणि काही नाही. चुकीची आकृतीसुद्धा नाही.

घरी आल्यावर लतिकाने आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. "अगं, निदान प्रयत्न तरी करायचास."

"मला जमत नाही."

"कोण म्हणतं?"

"म्हणायला कशाला हवं?" क्षितिजा वहीचा कोपरा दुमडत होती. "अंकल सगळ्यांना बरोब्बर ओळखतात. फ्रेडरिक सरांना ओळखलं, त्या जुळ्यांना ओळखलं. अंकलची जोड चुकत नाही. त्यांनी मला ॲन्सेल्मसमोर बसवलं म्हणजे मी तिथे टिकायला हवं होतं ना? मग चुकलं कोण?"

लतिकाला तिथे उभं राहवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवर काही नसताना गॅस पेटवला.

मुलीला खेळात हरवायचं एवढंच तिने मागितलं होतं. हरण्याचा दोष कुणाला तरी द्यावा लागतो, आणि क्लेमेंटला मुलगी दोष देणार नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो जितका खरा माणूस, तितकी मुलगी स्वतःला खोटी समजत गेली. त्याचा खरेपणा लतिकाने उसना घेतला होता आणि पोरीच्याच पाठीत घातला होता.

जयवंत संध्याकाळी म्हणाला, "अगं, खेळ सुटला ना? तेच हवं होतं ना तुला?" 

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेलेली होती. क्लेमेंट शटर अर्धं ओढून दारातल्या स्टुलावर डबा खात होता. लतिकाला पाहून त्याने डबा झाकला.

"जेवा, जेवा."

"झालं माझं."

"क्लेमेंटभाऊ, तुम्ही तिला सांगाल का? की ती जोड बरोबर नव्हती."

"मी खोटं बोललो ते सांगेन," तो म्हणाला. "त्यात काय नाय. पण ती विचारणार, अंकल का बोललात? ते मला सांगता येणार नाय. ते तुमचं आहे."

लतिका पायरीवरच बसली. सेक्रेटरी झाल्यापासून ती त्या पायरीवर कधी बसली नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. रस्सीखेचीचं."

"ते?" त्याने डब्याचं झाकण उगाच दाबलं. "समोर एक पोर होतं. पातळसं. फरफटत गेलं, दोन्ही हातांची सालं निघाली. मला वाटलं, येऊन शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, 'काका, माझ्यामुळे टीम हरली.' पुढच्या सणाला आलाच नाय. मी घरी बोलवायला गेलो, तर मागच्या दाराने वाडीत गेला."

 मग तोच म्हणाला, "सॅन्टनचा फोन आलेला. म्हणतो, तुझा काटा बिघडला काय रे? त्या पोरीला दोन वर्षांची कशी सांगितलीस?"

"मग?"

"म्हटलं, बिघडला."

लतिकाचं नाव त्याने तिथेही घेतलं नव्हतं.

ती वर आली. क्षितिजा टेबलाशी बसून कर्कटकाने एकात एक वर्तुळं काढत होती, कशाचीच नसलेली. लतिकाने खुर्ची ओढली. सगळं कसं सांगायचं याची तिने जिन्यात तयारी केली होती, पण तोंडातून आलं ते भलतंच.

"तू चार महिन्यांची होतीस."

क्षितिजाने मान वर केली.

"आणि तो ॲन्सेल्म सव्वादोन वर्षांचा. अंकलनी नाही चुकवलं. मी चुकवायला लावलं."

कर्कटक थांबलं. बराच वेळ ते वर्तुळाच्या मधोमध तसंच रुतून राहिलं. मग क्षितिजाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने आधी विचारलं ते आईच्या अपेक्षेबाहेरचं होतं.

"सव्वादोन वर्षांच्याला मी एकदा उडवलं?"

"हो."

"चार महिन्यांची असताना?"

"हो."

ती हसलीसुद्धा, अगदी क्षणभर. लतिकाचा जीव भांड्यात पडणार, इतक्यात तिने पुढचं विचारलं.

"पण अंकल ऐकणार नाहीत असलं काही. तू त्यांना काय सांगितलंस?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. दहावी आहे म्हणून हातापाया पडले, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. लतिकाने फाईलचं सांगितलं. ना-हरकत पत्राचं, सही न करता नेलेल्या कागदाचं, त्यावर ठेवलेल्या हाताचं. सांगताना तिला आपलाच आवाज इतिवृत्त वाचल्यासारखा वाटत होता.

"त्यांच्या दुकानावरून?" क्षितिजा म्हणाली. "आई, तू अंकलना दुकानाची भीती घातलीस?"

तिने चपला घातल्या आणि खाली गेली. लतिका खिडकीत उभी राहिली. दुकानाचं निम्मं शटर वर गेलेलं दिसलं, बाकी काही दिसलं नाही. तासाभराने क्षितिजा परत आली तेव्हा ती काय बोलली, अंकल काय बोलले, हे लतिकाने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पूर्वपरीक्षेआधीच्या एका रविवारी क्षितिजा तासभर खाली जाऊन आली. विरारच्या कुणा पाच महिन्यांच्या मुलीशी ती दहा–आठ अशी हरली होती. जिन्यापासूनच बोलत आली. आठव्यांदा तिने समोरच्या रणगाड्याला कसं भिंतीआड दडून गाठलं, शेवटचा नेम कसा केसाने चुकला, हे सगळं तिने जयवंतला सांगितलं, खुर्ची रणगाड्यासारखी फिरवून दाखवत. लतिका पोळ्या लाटत ऐकत होती. तिच्याकडे वळून क्षितिजा एवढंच म्हणाली, "भूक लागलीय."

मार्चमध्ये भूमितीच्या पेपरात तिने एकही पान कोरं सोडलं नाही. चव्वेचाळीस मिळाले. थोडे नव्हते, फारही नव्हते.

पुढच्या वर्षाचं ना-हरकत पत्र लतिकाने दिवाळीच्या महिनाभर आधीच लिहून त्यावर सही केली आणि ते फाईलमध्ये न घालता हातातच घेऊन खाली गेली. क्लेमेंट फोनवर होता. ती दाराबाहेर थांबली.

"नाय रे सॅन्टन, वय मी सांगत नाय आता. तूच विचार पोराला. नायतर दोघांना पाच मिनिटं खेळू दे, आणि तू बघ. हां. तू म्हणशील ते."

त्याने फोन ठेवला, तिला पाहिलं आणि उठून उभा राहिला. पूर्वी तो बसल्या बसल्याच म्हणायचा, "या ताई, काय काम काढलंत?"

पत्र त्याने दोन्ही हातांनी घेतलं. वाचलं नाही, नीट घडी केली.

"थँक्यू, सेक्रेटरी मॅडम," तो म्हणाला.