चोरीला गेलेली हिरवळ

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, आणि मग त्या बाईंबद्दल आदर वाटतो. नव्वदच्या दशकात मी हौगांगमधल्या एका पोलीस चौकीचा प्रमुख होतो. वडील जहाजावरच्या नोकरीतून सिंगापूरला येऊन स्थायिक झाले आणि मी इथल्याच पोलिसांत भरती झालो. त्यामुळे चौकीत कुणी मराठी माणूस आला की माझा चिनी सार्जंट त्याला सरळ माझ्या टेबलाशी आणून सोडायचा.

त्या दिवशी मात्र तो आधी एकटाच आला, हसू दाबत. म्हणाला, "सर, ग्रास ऑल्सो कॅन स्टील, आह?"

मागोमाग बाई आल्या. नवरा मरीन इंजिनियर, तेव्हा बोटीवर. जवळच बांधून होत आलेल्या एका काँडोत, म्हणजे खासगी गृहसंकुलात, त्यांनी फ्लॅट घेतला होता. भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती आणि यंदाचा गणपती नव्या घरात बसणार, असं त्यांनी सासूबाईंना कळवूनही टाकलं होतं.

"साहेब, आमच्या काँडोची हिरवळ चोरीला गेली," बाई म्हणाल्या. "संकष्टीला मी तिथूनच दूर्वा खुडून आणल्या. आज बघते तर खाली डांबर आणि वर पांढरे पट्टे."

दूर्वा म्हणजे काय, हे मी सार्जंटला समजावलं. त्याने चोरीस गेलेल्या मालात 'देवाचं गवत' अशी नोंद केली.

आम्ही जागेवर गेलो. बाई म्हणाल्या तसंच होतं. गाड्यांसाठी आखलेल्या जागा, त्यांवर आकडे. कंत्राटदाराचा सुपरवायझर छातीठोकपणे म्हणाला, "इथे गवत कधीच नव्हतं. पहिल्यापासून पार्किंग आहे." मी तसा जबाब घेतला आणि परत आलो.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. "साहेब, हिरवळ परत आली."

"केस क्लोज लाह," सार्जंट खुशीत म्हणाला. मला मात्र राहवेना. चोराला पश्चात्ताप होतो, हे मी नोकरीत पाहिलं होतं, पण तो माल असा छान अंथरून ठेवत नाही.

बाईंना घेऊन पुन्हा गेलो. हिरवळ डोळे निववणारी होती. सुपरवायझर तोच आणि आत्मविश्वासही तोच. "इथे पार्किंग कधीच नव्हतं. पहिल्यापासून गवत आहे."

मी बाईंना दूर्वा दाखवायला सांगितलं. त्या कडेला बसल्या, एक झुबका धरून त्यांनी जरा ओढला आणि सतरंजीचा कोपरा उचलावा तसा हिरवळीचा कोपराच वर आला. खाली प्लास्टिक आणि प्लास्टिकखाली पांढरा पट्टा. सुपरवायझर आभाळाकडे बघू लागला.

चौकीत कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप पुढे ठेवल्यावर तो बोलता झाला. लोकांना राहायला परवानगी मिळायची तर मंजूर नकाशाप्रमाणे मोकळी जागाही हवी आणि पार्किंगही. पण मोकळ्या जागेवर काँडो बांधणाऱ्या मालकाने फ्लॅट विकण्यासाठी ऑफिस बांधलं होतं आणि तिथे पुढे दुकानं काढायचा त्याचा बेत होता. म्हणून उरलेल्या एकाच तुकड्यावर दोन्ही दाखवायचं ठरलं. "पार्किंग बघणारे साहेब वेगळे, हिरवळ बघणारे वेगळे," सुपरवायझर म्हणाला. "दोघं कधी एकत्र कोपीसुद्धा पीत नाहीत."

आता बाईंचा जबाब हवा होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "तुम्ही सही केलीत की परवानगी अडकणार. गणपतीपर्यंत चाव्या मिळणार नाहीत. नीट विचार करा."

"सासूबाईंना काय सांगू?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माझा मुलगा कुठे खेळणार, साहेब? फक्त तपासणीच्या दिवशी?" आणि त्यांनी सही केली.

मी दोन्ही खात्यांच्या साहेबांना एकाच सकाळी जागेवर बोलावलं. हे कळल्यावर सुपरवायझरने मला अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मग आज काय अंथरू?"

त्या दोघांची तिथे पहिल्यांदाच ओळख झाली. ज्या जागेला दोघांनीही आपापल्या परीने पसंती दिली होती, तिच्यावर उभं राहून त्यांनी अवघडून हस्तांदोलन केलं. परवानगी थांबली, मालकावर खटला झाला आणि ते ऑफिस पाडून तिथे माती भरावी लागली. बाईंचा गणपती त्या वर्षी ओळखीच्यांकडे, एका खोलीत बसला. मला फार वाईट वाटलं.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. तक्रार कितीही हास्यास्पद वाटली तरी जागेवर जाऊन यावं, हसायला नंतर वेळ मिळतो. आणि फसवणारे लोक दोन साहेबांच्या मधली फट बरोबर हेरतात. ती बुजवायला तिसरा साहेब लागत नाही, स्वतःचं घर लांबणीवर टाकून सही करणारं माणूस लागतं. अशी माणसं मला नोकरीत फार थोडी भेटली.

पुढच्या वर्षी नव्या घरातल्या आरतीचं बोलावणं आलं. खाली हिरवळीवर त्यांचा मुलगा लोळत होता. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी वाकलो आणि गवताचा एक कोपरा जोर लावून ओढला. हातात चार काड्या आल्या, जमीन जागची हलली नाही.

"साहेब," वरच्या बाल्कनीतून बाईंचा आवाज आला, "कोवळ्या बघून खुडा."