अर्धी कटिंग

सलूनमधले केस रोज झाडून बाहेर टाकता येतात; किस्से मात्र साचतच जातात. त्यात मी नगरातला सलूनवाला आणि शिवाय गल्लीच्या शांतता कमिटीचा मेंबर! वरच्या आणि खालच्या गल्लीतली पोरं फ्लेक्सवरून, डीजेवरून एकमेकांची डोकी फोडायला लागली, तेव्हा आम्ही तिघांनी ही कमिटी काढली. मी, पीटीचे रिटायर्ड जाधव सर आणि भेळेची गाडी लावणाऱ्या शकूमावशी.

*

पहिलं काम म्हणून सरांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि दोन्ही गल्ल्यांतली पोरं एकाच ग्रुपात घातली. तोवर शिव्या द्यायला निदान चौकात तरी यावं लागायचं. आता घरबसल्या सोय झाली! पन्नासेक मेसेज झाल्यावर सरांनी टाइप केलं, "सावधान! सगळे एका रांगेत उभे राहा." त्यानंतर पोरं नुसती हसत होती. तेवढंच त्या दिवशी भांडण मिटलं.

*

वरच्या गल्लीचा म्होरक्या विकी. आईवडील शेवगावकडचे, दर वर्षी ऊसतोडीला जातात; हा मामाकडे राहून पोलीस भरतीची तयारी करतो. वाढदिवसाला पठ्ठ्यानं केक कापायला चक्क तलवार आणली! मावशी भेळेचा मोठा चमचा घेऊनच पोचल्या.

"केक हाय का कलिंगड? आन ती हिकडं! उद्या केस पडली तर भरतीत घेतील व्हय तुला?"

तलवार मावशींनी ताब्यात घेतली, केक चमच्यानं कापला. रीलमध्ये विकीपेक्षा मावशीच भाव खाऊन गेल्या.

*

खालच्या गल्लीचा म्होरक्या बंटी. तोही भरतीवालाच. सर दोघांना रोज सकाळी एकाच मैदानावर पळवायचे. एकदा सुरुवातीलाच दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. सर म्हणाले, "खुशाल भांडा! पण आधी सोळाशे मीटर."

पळून आल्यावर दोघंही मातीत आडवे. विकीनं शिवी द्यायला तोंड उघडलं, पण दमच उरला नव्हता. बंटी म्हणाला, "ऱ्हाऊ दे, उद्या दे!"

*

आणि हा परवाचा. दुसऱ्या दिवशी दोघांचंही भरतीचं ग्राउंड होतं, म्हणजे पळायची परीक्षा. दुपारी विकी माझ्या खुर्चीत बसलेला. डावी बाजू मशीननं झाली, तेवढ्यात त्याला फोन आला. वरच्या गल्लीचा फ्लेक्स फाटलाय, खालच्यांवर संशय आहे, चौकात दोन्हीकडची पोरं जमलीत! विकी ताडकन उठला. मारामारीत नाव आलं की पोराची सगळी मेहनत पाण्यात.

मी मशीन बंद केलं. "जा बाबा. पण एकदा आरशात बघून जा."

त्यानं बघितलं. डावीकडं सफाचट, उजवीकडं झुलपं! परत खुर्चीत बसला.

"नाना, उरका की लवकर!"

"मशीन लई गरम झालंय," मी म्हणालो. साफ खोटं बोललो.

चौकात आरडाओरडा चाललेला, पण दोन्हीकडची पोरं आपापल्या म्होरक्याची वाट बघत होती. इतक्यात दार ढकलून बंटीच आत आला. घामाघूम. विकीनं मूठ आवळली. मी दोघांच्या मध्ये उभा, हातात फक्त कंगवा!

बंटीनं विकीचं डोकं दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळलं. मग शेजारच्या खुर्चीत बसला, स्वतःच गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि म्हणाला,

"नाना, माझी बी अर्धीच करा."