गोठ्याच्या दाराची गिटार

होडी उलटली तेव्हा माझ्या धाकट्या दिराने गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि स्वतः पाण्याखाली गेला. वर दिसत होते ते फक्त दोन हात आणि फणसाच्या गऱ्यासारखी पिवळी गिटार. मी उपड्या होडीच्या कडेला लोंबकळत होते. लुगड्यात हवा शिरून ते माझ्याभोवती भोपळ्यासारखं फुगलं होतं. पलीकडे आमचे भजनी बुवा प्लास्टरमधला हात वर धरून गटांगळ्या खात होते, आणि होडी वल्हवणारा तारी "वयनी, होडी सोडू नको गो!" म्हणून बोंबलत होता. मी दिराला ओरडले, "मेल्या, ती गिटार सोड आणि बुवांका धर!" त्याचं तोंड क्षणभर वर आलं. खारं पाणी थुंकून तो म्हणाला, "गिटार सोडूचंय नाय मी, वयनी!" आणि पुन्हा खाली गेला. असा माणूस आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर दुसरा जन्मला नाही, आणि जन्मू नये असंच माझं मत आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा दीर शेंबडा होता आणि चुलीपुढे बसून पितळेचे टोप कालथ्याने बडवत होता. म्हणून त्याला मी कधी भावोजी म्हटलं नाही, अरेतुरेच केलं. मोठा झाल्यावर तो मुंबईला गेला, तिथे कुठल्याशा हॉटेलात त्याच्या हाताला गिटार लागली आणि मग ती सुटलीच नाही. पुढे तो प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर बँडमध्ये लागला. वर्षातून एकदा रजेवर यायचा, येताना चीजचे डबे आणायचा. ते चीज आम्ही खात नव्हतो आणि कोंबड्यांपुढे टाकलं तर त्याही मान फिरवायच्या. गावातली माणसं विचारायची, "बोटीर काय करतस रे?" हा सांगायचा, "गिटार वाजवतंय." "तां खरां. पण काम काय?" हा प्रश्न त्याला इतक्या वेळा विचारला गेला की शेवटी तो "इंजनात तेल घालतंय" असं सांगू लागला. मग सगळ्यांचं समाधान झालं.

बोटीची सवय त्याच्या अंगात मुरली ती मुरलीच. जमिनीवरही तो डुलत चालतो, नवीन माणसाला वाटतं सकाळीच घेतली. बसून त्याला वाजवता येत नसे. दोन्ही पाय फाकवून उभं राहायचं, डावीकडे कलायचं, उजवीकडे कलायचं, तेव्हा कुठे बोटं चालणार. घरात गिटारीला मच्छरदाणी आणि हा स्वतः डासांत. का, तर कुंभारीण माशी वायरीच्या भोकात मातीचं घर करते. दमट हवेने लाकूड फुगू नये म्हणून पावसाळाभर गिटारीच्या पेटीत तांदळाची पुरचुंडी. त्या तांदळाचा भात मी एकदा केला तर जेवताना म्हणाला, "वयनी, हो भात सुरात लागता." मी त्याच्या पानात आणखी वाढला नाही.

आता या गिटारीची जन्मकथा सांगते, कारण ती आमच्या गोठ्यात सुरू होते. बोट एका परदेशी बंदराला लागली की तिथला एक गिटारी करणारा कारागीर याचं वाजवणं ऐकायला यायचा. त्याने विचारलं, तुझ्या मनासारखी गिटार करायची तर कशी करू? हा म्हणाला, "फणसाची कर. आमच्याकडे मृदंग फणसाचा असतो." कारागिराने फणस पाहिला नव्हता. तेव्हा रजेवर आल्यावर याने काय करावं? माझ्या नवऱ्याने गोठ्याच्या दारासाठी फणसाची फळी कापून, माळ्यावर टाकून, वर्षानुवर्षं सुकवली होती. ती उचलली. "बोटीर गादी मऊ आसता, पाठ दुखता, निजाक होयी," असं मला सांगून घेऊन गेला. त्या पावसाळ्यात आमचा गोठा उघडा. गाय सरळ स्वयंपाकघरात यायची आणि माझ्या पाठीमागे उभी राहून चुलीवर काय आहे ते बघायची. नवरा त्याच्याशी बोलेनासा झाला. फोन आला तर एवढंच विचारायचा, "दार कधी येतला?"

दाराच्या गिटारी झाल्या. फळीतून निघाल्या तेवढ्याच, फळी संपली आणि गिटारीही संपल्या. वाजवणाऱ्याच्या पसंतीने केलेल्या आणि त्याची सही असलेल्या अशा गिटारीला त्या धंद्यात सिग्नेचर गिटार म्हणतात म्हणे. कारागिराने कागद पुढे केला, सही कर म्हणाला, जशी करशील तशी कोरतो. आता आमच्याकडे वस्तूवर नाव घालायचं म्हणजे कसं? लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडे जातात, म्हणून नावाखाली घर, वाडी, गाव सगळं घालतात, म्हणजे टोप फिरून घरी येतो. याला तेवढंच माहीत. याने वर श्री काढला, खाली स्वतःचं, बापाचं आणि आडनाव लिहिलं, त्याखाली मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. कारागिराला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्याने भक्तिभावाने सगळं कोरलं, काना-मात्रेसकट. जगात त्या गिटारी जिथे कुठे असतील तिथे आमच्या घराचा पत्ता आहे.

त्याचा त्रास मला झाला. अशा मोजक्या वस्तू जमवण्याचा नाद असलेली माणसं असतात. एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला परदेशी गृहस्थ कारागिराने सांगितलेल्या स्टेशनाच्या नावावर कुडाळला उतरला, रिक्षावाल्याला आपल्याजवळच्या गिटारीचा फोटो दाखवला. हा पाहुणा इतकी वर्षं समजत होता की त्यावर मंत्र लिहिलाय. रिक्षावाल्याने मोठ्याने वाचलं, "मुक्काम पोस्ट..." तर याने डोळे मिटून हात जोडले. रिक्षावाल्याने त्याला थेट आमच्या खळ्यात आणून उतरवला. मी पेज आणि सुकट वाढली, तो जेवला. मग दिराने त्याला गोठा दाखवला. जिथे दार नाही त्या जागेचे त्याने खूप फोटो काढले. दिराजवळच्या गिटारीवर हळदीकुंकवाचा डाग आहे. दसऱ्याला कोयता, पंप आणि गिटार मी एकत्र पुजते, तो रंग लाकडात गेला. परदेशी माणसाला वाटलं हीसुद्धा सहीच. त्याने ती गिटार मागितली, दिराने मान हलवली. नाही.

एवढं सगळं असून या माणसाला हाव एकच होती. निवृत्त होऊन गावी आला तेव्हापासून त्याला देवळात भजनाला गिटार वाजवायची होती. ज्या देवळाच्या पायऱ्यांवर तो लहानपणी झांजेसाठी रडायचा, तिथे. आणि बुवा घेत नव्हते. बुवा म्हणजे त्याचेच शाळासोबती, पेटी वाजवून गातात, पंचक्रोशीत नाव आहे. आमच्या पडवीत बसून ते सांगायचे, "ज्या वाद्याक लायटीचा बिल येता तां देवाच्या म्होरे चलाचा नाय. लाईट गेली तर देव काय वाट बघतलो?"

"बुवा, तुमचो माईक खंयच्या रॉकेलार चलता?" दीर विचारायचा.

"माईक लोकांसाठी. मागे बसतत तेंका आयकाक होया म्हणान."

"आणि गिटार?"

"ती तुझी."

भजनाच्या दिवशी दीर देवळाबाहेर पारावर बसायचा आणि मांडीवर बोटं चालवायचा. एवढा जगभर वाजवून आलेला माणूस. मला त्याचा राग यायचा. नाही घेत तर नाही घेत, घरी येऊन भाकरी खावी.

मग देवळाच्या तळीवर शेवाळाने बुवा घसरले आणि उजवा हात मोडला. खाडीपलीकडे, माझ्या माहेरच्या देवळात, डबलबारी ठरलेली. म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. पेटीशिवाय गेले असते तर समोरच्या बुवांनी माईकवरून लाज काढली असती. बुवा आमच्याकडे आले, चहा प्याले, आंब्याच्या मोहराबद्दल बोलले, काजूबद्दल बोलले, उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "काय रे, तुझ्या त्या यंत्राक आमच्या पेटीचो पांढरी चारचो सूर गावता?" दीर म्हणाला, "बगूक होया." तेवढं बोलून तो आत आला आणि या वयात माझ्यासमोर एकट्याने फुगडी घातली.

बाकीचं मंडळ पखवाज, झांजा घेऊन पुलावरून टेम्पोने गेलं. बुवांना हातामुळे टेम्पोचे धक्के सोसत नव्हते म्हणून आम्ही होडी केली. मी माहेरी निघाले होते, म्हणून मीही बसले. खाडीच्या मध्यावर बुवांना काळजी लागली. "जरा आयकव तर, सूर कसो लागता तो." दिराने गिटार पेटीतून काढली आणि सवयीने उभा राहिला. तारी म्हणाला, "बस रे मेल्या!" पण बसून याला येत नव्हतं. आता ही विजेची गिटार. वीज नसली की हिचा आवाज डासाएवढा. बुवांना ऐकू येईना, ते कान देऊन उजवीकडे झुकले. त्याच वेळी दीर तालात उजवीकडे कलला. मोठ्या बोटीला हे चाललं असतं.

पाण्याखालून दीर दुसऱ्यांदा वर आला तो बुवांच्या जवळ. गिटार अजून डोक्यावर. त्याने ती पाण्यावर आडवी टाकली आणि बुवांकडे लोटली. "बुवा, धरा! पेटी समजान धरा!" जे वाद्य बुवांनी देवळाच्या सतरंजीला लागू दिलं नव्हतं, त्याच्या गळ्यात त्यांनी चांगला हात टाकला आणि छातीशी घट्ट धरलं. गिटार तरंगली. दीर मागून पाय मारत ढकलत राहिला. तारीने होडी आणि मला ओढत काठाला नेलं. कांदळाच्या झाडांतल्या चिखलात आम्ही सगळे येऊन पडलो. बुवा गिटार सोडीनात. दीर म्हणाला, "बुवा, पोचलात काठाक, सोडा आता." बुवा डोळे मिटून म्हणाले, "थांब रे, वायच." तारीने गिटारीवर टिचकी मारली. "फणसाची म्हणान पोवली. शिसवाची आसती तर बुवांका घेवन तळाक गेली आसती."

मी दिराला नंतर विचारलं, बुवांना वाचवायचं तुझ्या मनात आधीपासून होतं का? लोक आता तसं सांगतात. तो म्हणाला, "खरां सांगू वयनी? पयली गिटारच आठावली. बुवा मागसून दिसले."

त्या दिवशी बारी झाली नाही. दिराने विहिरीच्या गोड्या पाण्याने गिटार धुतली, खळ्यात माझ्या आमसुलांशेजारी सुकवली. मग वायर लावून खटका दाबला. गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या काळ्या डब्यातून खर्र आलं, आणि मग तेही गेलं. खारं पाणी आतल्या तारा खाऊन बसलं होतं. त्याने डबा खाटेखाली सारला. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची आमटी पानात ठेवून उठला, असं जन्मात केलं नव्हतं. गिटार मुकी झाली होती आणि बुवांचा हात जुळत आला होता. आता त्याला कोण बोलावणार?

प्लास्टर काढल्यावर बुवा आले. चहा प्याले, काजूबद्दल बोलले. वाचवलंस वगैरे शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. छपराकडे बघत त्यांनी विचारलं, "करंट गेलो मां तिचो?"

"गेलो."

"कायमचो?"

"कायमचो म्हणान समजा."

"मगे एकादशीक ये देवळात. माझ्या बाजूक बस. आता ती लाकडाचीच."

पुढे पुण्याहून एक गिटारी जमवणारा गृहस्थ पत्ता वाचत आला. मीठ चढलेले खिळे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, काका, आतल्या चार तारा बदलल्या की पहिल्यासारखी वाजेल, मी स्वतः करून देतो. दीर घाईघाईने म्हणाला, "नको. आमच्याकडे व्होल्टेज नसतं." पाहुणा गेल्यावर मी म्हटलं, "व्होल्टेजाक काय झाला? मिक्सर फिरता मां माझो?" तर हळूच म्हणतो, "करंट इलो तर बुवा माका भायर काढतले, वयनी."

आता दर एकादशीला तो बुवांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसतो. बसून वाजवायला शिकला. पेटी, पखवाज, झांजा आणि वरून माईक, एवढ्या कल्लोळात त्या गिटारीचा आवाज कोणाच्याही कानी जात नाही. हा मात्र डोळे मिटून असा वाजवतो की जणू सगळी बोट ऐकत बसली आहे. परवा एक अभंग संपला आणि दुसरा उचलायच्या आधी झांजा थांबल्या, तेव्हा त्याचे चार सूर मागे राहिलेले ऐकू आले. मी खांबाला टेकून वाती वळत होते. हात थांबला माझा. बुवांनीही मान वळवून बघितलं आणि पुढचा अभंग उचलायला जरा उशीर केला. वाईट वाजवत नाही तो. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

होडीत आम्ही चौघं होतो, तारी, बुवा, दीर आणि मी. चौघंही वाचलो.