कुक्कुटपालनातलं अर्थशास्त्र

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात बाबांच्या कंपनीनं नोएडात ऑफिस उघडलं. बाजार नुकता खुला झाला होता, पुण्या-मुंबईच्या कंपन्या उत्तरेकडे धावत सुटल्या होत्या आणि त्या धावपळीत आमचंही बिऱ्हाड उचललं गेलं. आमच्या सेक्टरला नंबर मिळाला होता, पण वाणी, झाड किंवा शेजारी यांतलं काहीच अजून मिळालं नव्हतं. मला दिल्लीत विद्यापीठात अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला. वर्गातल्या मुलींचे गट शाळेपासूनच ठरलेले होते. माझं हिंदी ऐकून त्या हसायच्या, तेही प्रेमानंच, पण जेवायला मात्र कुणी बोलवायचं नाही.

अभ्यास एकटीनं होतो, बसचा प्रवासही होतो. डबा एकटीनं खायचा म्हणजे मात्र आपलं इथं कुणी नाही हे गावभर जाहीर करण्यासारखं. मला ते जमेना. म्हणून मी विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयाचं तळघर शोधून काढलं. तिथल्या शेवटच्या रांगेत कुक्कुटपालनाची पुस्तकं होती आणि तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. पिशवी दारातच जमा करून टोकन घ्यावं लागायचं, त्यामुळे तूप-साखरेच्या पोळीची गुंडाळी मी स्वेटरच्या खिशातून आत न्यायची. भाजीचा मोह टाळायचा, कारण वास येतो.

एक दिवस असाच घास चावताना कोंबड्यांचे रोग आणि अंडी उबवण्याची यंत्रं यांच्या मधोमध मला आंतरराष्ट्रीय व्यापाराचं ते जाडजूड पुस्तक दिसलं. सरांनी परीक्षेसाठी वाचाच म्हणून सांगितलेलं, ग्रंथालयात एकच प्रत असलेलं, आणि मी आल्यापासून शोधत होते ते. कार्डांच्या कपाटात त्याचं कार्ड होतं, मांडणीवर जागा मात्र रिकामी. विचारलं की तिथले कर्मचारी म्हणायचे, "होगी यहीं कहीं."

पुण्यात आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या बाई पुस्तक एका खणानं चुकीचं लागलं तरी परत बोलवायच्या. त्या तालमीत मी वाढलेली. एक प्रकरण वाचलं, धूळ झटकली आणि वरच्या मजल्यावर नेऊन पुस्तक त्याच्या नंबरावर लावलं. मग मला छंदच लागला. पाली व्याकरणात संख्याशास्त्र सापडलं, पाटबंधाऱ्यांत बँकव्यवहार सापडला. जेवण झालं की मी रोज थोडी आवराआवर करायची. दुसऱ्याची चूक दुरुस्त करताना पुणेकर जेवढा सुखी असतो तेवढा एरवी क्वचितच असतो. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदाच माझे दिवस बरे चालले होते.

परीक्षा जवळ आली आणि ग्रंथालयात कुजबुज वाढली. जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघायला लागला. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. मग एका दुपारी वरच्या वर्गातला एक उंच मुलगा आणि लांब वेणीची एक मुलगी दबक्या पावलांनी तळघरात आली. माझ्या एका हातात पोळी होती, दुसऱ्या हातात करपद्धतीवरचं पुस्तक.

"तो तुम हो," मुलगा म्हणाला. "सब किताबें तुमने हटाईं?"

"हटाई नहीं. जगह पे रखी. गलत जगह पे थी."

वेणीवालीनं कपाळाला हात लावला. मग तिनं मला दुनियादारी शिकवली. पुस्तकाची प्रत एक, वाचणारे शंभर. म्हणून प्रत्येक गट आपली पुस्तकं कुणी जाणार नाही अशा विभागात दडवतो. "हर ग्रुप की अपनी जगह होती है, यार. सबको पता है."

मला नव्हतं पता. आणि माझं डोकंच फिरलं. वर्गात खुल्या बाजाराचे गोडवे गाणारी ही मंडळी ग्रंथालयात उघड साठेबाजी करत होती. मी तोडक्यामोडक्या हिंदीत तसं सुनावलंही. चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"ठीक है, मॅडम," मुलगा हताशपणे म्हणाला. "ट्रेडवाली तो गई. कोई ले गया होगा."

"कुठे गेली? कल भी वहीं थी. अपने नंबर पे."

आम्ही वर गेलो. पुस्तक होतं तिथंच होतं, नाव बाहेर करून निवांत उभं. सगळ्यांनी कोंबड्या, कालवे, व्याकरणं पालथी घातली होती, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी एकानंही अर्थशास्त्राच्या मांडणीकडे पाहिलं नव्हतं. मुलगा इतका हसला की कर्मचाऱ्यानं टेबलावर टकटक केलं.

आता हे दडवायचं कुठे, असं त्यानं विचारलं. वेणीवाली म्हणाली, "यहीं रहने दो. इससे सेफ जगह नहीं मिलेगी."

मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या अर्ध्या पोळीकडे गेलं. "तुम रोज नीचे मुर्गियों के साथ खाती हो? क्यों?"

काहीतरी चटकदार उत्तर द्यायचं माझ्या मनात होतं. शांतता आवडते, वगैरे. पण खरं तेच बाहेर पडलं.

"और कोई है नहीं."

यावर कुणी हसलं नाही. मुलगा उगाच पुस्तकाची पानं चाळत राहिला. वेणीवालीनं जिन्यापलीकडचं खिडकीजवळचं टेबल दाखवलं. तिथं त्यांच्या गटातले आणखी दोघे वह्यांवर डोकं टेकून झोपले होते.

"कल वहाँ आना," ती म्हणाली. "मैं तुम्हारे लिए सीट रोक के रखूँगी. खाना बाहर लॉन पे खाते हैं."

मी मान हलवली, टोकन देऊन पिशवी घेतली आणि बस सुटायला बराच वेळ असूनही स्टॉपकडे धावत निघाले. त्यांच्यादेखत रडायचं नव्हतं.