पहिलं बाळंतपण माहेरी

मुंबईच्या त्या अमेरिकन व्हिसाच्या कचेरीबाहेर थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट आपोआप कळते. जो रिकाम्या हातानं बाहेर येतो तो सुटला, कारण व्हिसाचा शिक्का मारायला पासपोर्ट आत ठेवून घेतात. ज्याच्या हातात पासपोर्ट दिसतो त्याच्याकडे बाकीचे लोक बघत नाहीत. माझी भाची दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हाही तिच्या हातात पासपोर्ट होता. मी लांबूनच पाहिलं आणि मटकन फुटपाथवरच बसले. पन्नाशी उलटलेली शिक्षिका, चांगली इस्त्रीची साडी नेसून, भर दुपारी फुटपाथवर. बघोत मेले, म्हटलं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि तिचा नवरा लग्नापासून अमेरिकेत. बडोद्याला रावपुऱ्यातल्या घरात आई आणि मी, दोघीच. मेव्हण्यांच्या कंपनीनं त्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला त्याला आता एक युग झालं. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब, की त्यांचे केस पांढरे झाले तरी नंबर येत नाही. मुलांना आईबापांच्या व्हिसावर राहता येतं ते एकविसाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर तुमचं तुम्ही बघा. भाची पाच महिन्यांची असताना तिथे गेली, तिथेच शाळा शिकली, तिथेच तिच्या मैत्रिणी, तिथेच तिचं कॉलेज. एकवीस पूर्ण झाली आणि व्हिसावरून उतरली. तिचा धाकटा भाऊ मात्र जन्मानं तिथला नागरिक, कारण तो जन्मलाच तिथे. त्याला रांग नाही, वकील नाही, काही नाही. एका आईची दोन पोरं, आणि त्यातल्या एकीला कॉलेज पुरं करायलाही परवानगी मागायची!

वकील म्हणाला, भारतात जा, विद्यार्थ्याचा व्हिसा लावून घ्या, किरकोळ काम आहे. म्हणून ती आमच्याकडे आली. परतीचं तिकीट काढून आली होती बिचारी.

पहिल्या मुलाखतीत खिडकीमागच्या माणसानं विचारलं, शिक्षण झाल्यावर कुठे जाणार? ही म्हणाली, घरी. घर कुठे? हिनं सरळ तिथल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. झालं, संपलं. विद्यार्थ्याला व्हिसा हवा असेल तर त्याचं घर इथे भारतात आहे आणि तो इथेच परत येणार आहे, हे त्यांना पटावं लागतं. खरं बोलली म्हणून नापास झाली. मी इतकी वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवते आहे, माझं तर डोकंच फिरलं.

मग दुसऱ्या मुलाखतीची तयारी मी अंगावर घेतली. रोज संध्याकाळी तिला समोर बसवायची आणि मी साहेब व्हायची. घर कुठे तुझं? "बरोडा." मान वर करून सांग. "बरोडा." अगं, असं पडल्या आवाजात सांगितलंस तर मलासुद्धा खरं वाटणार नाही! रागावले की मलाच वाईट वाटायचं, मग स्कूटरवर मागे बसवून तिला बाहेर काढायची. कमाटीबाग दाखवली, मांडवी दाखवली, सेवउसळ खायला घातली. हे सगळं तुझं आहे असं म्हणत फिरवलं. ती शहाण्या पाहुणीसारखी सगळं बघायची, छान आहे म्हणायची. मराठी तिला सगळं कळतं. बोलताना मात्र एकेक शब्द शोधून आणते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गुजराती काका राहतात. नंदेसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सकाळी पेपर हातात घेऊन जिन्यातच गाठायचे. "बेन, एमनो देश, एमना कायदा," म्हणाले एकदा. "आपण नाही का नंदेसरीत ओरडत, बाहेरचे लोक आणू नका, आधी इथल्या पोरांना काम द्या म्हणून? ते पण तेच बोले छे." त्यांचं अगदीच चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. म्हटलं, "काका, माझ्या पणजोबांना दरबारच्या नोकरीसाठी इथे आणलं, तेव्हा तुझं घर कुठे असं त्यांना कुणी विचारलं होतं का?" ते हसून म्हणाले, "तमे तो अमारा ज छो." मी म्हटलं, "आम्ही तुमचे झालो, मग ही पोरगी अंगावर दूध पीत असताना तिथे गेली, ती अजून त्यांची कशी नाही?" दुसऱ्या दिवशी काकींनी हांडवो पाठवला वर. भाचीनं खाल्ला, मी रागानं हात लावला नाही.

आणि घरात आई. ऐंशी उलटलेली, कान तिखट, जीभ त्याहून. नात घरात आली याचाच तिला आनंद. व्हिसाचं तिला फारसं कळत नव्हतं, आम्हीही सांगितलं नव्हतं. पोरीचा चेहरा उतरलेला दिसला की तिला जवळ ओढायची आणि तिच्या जन्माची गोष्ट सुरू करायची. "तुझा बाप फोनवर म्हणत होता, इथेच होऊ दे, दवाखाने चांगले आहेत. मी म्हटलं, अजिबात नाही! पहिलं बाळंतपण माहेरी. ते का परक्या देशात करायचं, जिथे शेक-शेगडी करायला कुणी नाही? बोलावून घेतली तुझ्या आईला. डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली. तुला पहिली आंघोळ मी घातली, या पायांवर." असं म्हणून पाय थोपटून दाखवायची.

तेव्हा कुणालाच यात काही वावगं वाटलं नव्हतं. बहिणीलाही यायचंच होतं, आईच्या हातचं खायचं होतं तिला. ग्रीन कार्ड काय, चार-पाच वर्षांत होईल, मग सगळेच तिथले होतील, असंच सगळे धरून चालले होते. दुसऱ्या खेपेला माहेरी आणायचा प्रश्नच नव्हता, मान पहिल्याचा. म्हणून धाकटा तिथे जन्मला.

भाची ही गोष्ट दहादा ऐकून घ्यायची. पण एकदा ऐकता ऐकता तिचा घास हातातच राहिला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला हिशेब लागला होता. ती आजीला काही बोलली नाही. स्वयंपाकघरात येऊन मला एवढंच म्हणाली, "तिला माहीत नाही ना?" मी मान हलवली. "मग सांगू नको."

दुसऱ्या मुलाखतीत ती पढवल्यासारखी "बरोडा" म्हणाली. मान वर करून म्हणाली, असं तिनंच मला त्या फुटपाथवर सांगितलं. त्या माणसानं विचारलं, बडोद्यात शेवटची कधी राहत होतीस? आणि ही खरं बोलली. म्हणाली, पाच महिन्यांची होते तेव्हा.

परतीच्या गाडीत बसलो. तिकडे बहीण फोनवर फोन करत होती आणि भाची फोन उचलत नव्हती. शेवटी मीच उचलला, नाही झालं म्हणून सांगितलं आणि बहिणीचं रडणं ऐकत बसले. तिला येताही येत नाही. अर्ज असा अडकलेला, की बाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही. मुलगी इकडे, आई तिकडे, आणि मधे मी फोन धरून बसलेली.

घरी आलो. आईनं दारातच विचारलं, "झालं का गं काम?" मी नाही म्हटलं. "मग आता?" आता ती परत जाऊ शकत नाही, आई. "का नाही? धाकट्याला कसं चालतं?" मी दमले होते, वैतागले होते, माझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच. बोलून गेले, "तो तिथे जन्मला म्हणून!"

आई खुर्चीचा हात धरून बसली. मग माझ्याकडे नाही, नातीकडे बघून हळूच म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या आईला इथे आणलं नसतं तर..."

भाची पुढे झाली, आजीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "नाही आजी. नियम बदलला. आता तिथे जन्मले असते तरी असंच झालं असतं. तुझ्यामुळे काही नाही झालं." एकही शब्द अडला नाही तिचा. खिडकीतल्या त्या माणसापुढे जे तिला जमलं नाही, ते तिनं आजीपुढे डोळ्याला डोळा देऊन केलं. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "मग ठीक आहे," म्हणाली. "मेला जीव घाबरला माझा. हे बघ, आता इथेच राहा. इथे कॉलेजं आहेत, चांगलं स्थळ बघू. तुझं पहिलं बाळंतपणही मी करीन, आहे अजून जोर हातात."

भाची हो म्हणाली. उठून आत गेली, नळ सोडला आणि ओट्याला टेकून रडायला लागली, आवाज न करता, तोंडात ओढणी कोंबून. मी मागोमाग गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मावशी, मला घरी जायचंय," ती म्हणाली.

बाहेरून आई ओरडून विचारत होती, पोरीला रात्री काय आवडेल, थालीपीठ लावू का.