सफरचंदाचा खुंट

पांडेसऱ्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून सासरे निवृत्त झाले, त्याच वर्षी डिंडोलीतल्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मी सफरचंद लावायचं ठरवलं. सासरे उन्हाकडे बोट दाखवत हसले. “आठे माणूस शिजस, झाड काय जगी?”

जात कमी थंडीत फळणारी हवी, हे सगळेच सांगत. मला काळजी होती ती खुंटाची, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधतात त्याची. आमची माती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. नर्सरीवाला म्हणाला, “बेन, जागा छोटी छे, बुटक्या खुंटावरचं घ्या. लवकर फळेल.”

“त्याची मुळं वरवर राहतात. मला खोल जाणारा, दांडगा खुंट हवा. उंची मी कात्रीने आवरेन.”

शेवटी मी एमएम-१११ या दांडग्या खुंटावरचं रोप हिमाचलातून मागवलं. सासऱ्यांनी हट्टानं नर्सरीतलं बुटकं रोप आणून शेजारीच लावलं. मी आधाराला काठी देऊ केली, तर म्हणाले, “मना झाडले काठी नको.”

त्यांचं झाड आधी बहरलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हाताला धरून दाखवत. माझं नुसतंच वाढत होतं. पण मे महिन्यात त्यांच्या झाडाची पानं कडेनं करपली, आणि पावसाळ्यातल्या एका वादळात ते मुळासकट आडवं झालं. सासरे दिवसभर बाहेर आले नाहीत. जेवायलाही नाही.

मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. मी त्या पडलेल्या झाडाच्या कोवळ्या फांद्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि त्यांना हाक मारली. “बाबा, जरा फांदी धरता?”

“कशाले?”

“तुमच्या झाडाचा डोळा माझ्या झाडावर भरतेय. जात तुमची चांगलीच होती. मुळं तेवढी कमजोर होती.”

त्यांनी फांदी धरली. मी सालीत काप घेतला, त्यांच्या झाडाच्या फांदीवरचा कोंबाचा डोळा काढून त्यात बसवला. पट्टी त्यांनीच गुंडाळली, रंगाचे डाग अजून न गेलेल्या बोटांनी, अगदी घट्ट.

पुढे त्या डोळ्यातून फुटलेल्या फांदीला पहिल्यांदा फळं धरली, ती मोजकीच आणि लहान. सासऱ्यांनी एक तोडलं, चार फोडी केल्या, आणि पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. आंबटगोड होती. ते स्वतःची फोड चावत म्हणाले, “आते दुसरी फांदीवर कोनती जात भरानी?”